अठ्ठेचाळीस किलोचा लाडू

२१ जुलै, सोमवार

आज वही उघडली. आठ दिवस उशीर झाला, त्याची माफी. कोणाची मागतो आहे ते माहीत नाही, कारण ही वही कोणी वाचणार नाही. पिऊनंच तसं सांगितलं. "आबा, वही तुमची. खरं लिहा. मला फक्त फोनवर सांगत जा," म्हणाली. मी तीस वर्षं रेल्वे फाटकावर गेटमन होतो. गाडीचा नंबर, वेळ, फाटक बंद, फाटक उघडं, सही. रजिस्टर एक दिवस मागं पडलं नाही. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षर बरं आहे. तरी आठ दिवस हात चालला नाही, कारण घरात कुत्रा आहे आणि मला त्याचं भेव वाटतं. लिहून टाकलं.

कुत्रा रॉटवायलर जातीचा. काळा, भुवयांवर दोन तांबूस ठिपके, डोकं पाण्याच्या कळशीएवढं. नागपूरच्या एका बंगल्यात राखणीला आणला होता. दोन वर्षं साखळीला होता. भुंकत नाही, उपयोगाचा नाही, म्हणून त्या लोकांनी रस्त्यावर सोडून दिला. आमची नात प्रियदर्शनी, म्हणजे पिऊ, नागपूरला नर्स आहे. ड्युटीहून येताना तिला तो दिसला. तिनं घरी आणला आणि नाव ठेवलं लाडू. आता ती एका वर्षाच्या कोर्सला पुण्याला गेली. होस्टेलात कुत्रा चालत नाही. तिच्या बापाच्या, म्हणजे आमच्या संघपालच्या फ्लॅटमध्ये सोसायटी नाही म्हणते. म्हणून बडनेऱ्याला, आमच्याकडे.

माझी बायको जाईबाई, तिनं पहिल्या दिवशी त्याला बघितलं आणि म्हणाली, "हे कुत्रं होय का हेला? याले दूध द्याचं का पेंड?"

रेडाच दिसत होता तो, मला हसू आलं नाही.

२३ जुलै

पहिल्या पानावर पिऊनं सूचना लिहून ठेवल्या आहेत. आज चष्मा लावून पूर्ण वाचल्या. साखळीला बांधू नका. कांदा, द्राक्षं, चॉकलेट देऊ नका. जाड होऊ देऊ नका, या जातीचे खुबे कमजोर असतात. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी फिरवायचं, एक वेळही चुकवायची नाही. गुरगुरला तर घाबरू नका, तो त्याचा बोलण्याचा आवाज आहे. खरंच भ्याला किंवा चिडला तर तो गप्प होतो आणि अंग ताठ करतो. अंगावर गोचीड दिसला तर स्वतः काही लावू नका, मला फोन करा.

सगळ्यात शेवटी: फिरून आल्यावर आबांचं बीपी मोजून इथंच लिहायचं.

कुत्र्याच्या वहीत माझ्या बीपीचं काय काम, समजलं नाही. असेल काही कारण. आज १६४/९६.

२७ जुलै

मी खुर्चीत पेपर वाचत होतो. लाडू आला आणि त्यानं त्याचं सगळं अंग माझ्या गुडघ्यांवर टेकवलं. मी हललो नाही. श्वास धरून बसलो. पाच मिनिटांनी घशातून आवाज काढायला लागला, फाटकाजवळ सिग्नलला थांबलेलं डिझेल इंजिन जसं घरघरतं तसा. मी जाईबाईला हळूच हाक मारली, "अगं, हा मले खाते वाटते."

ती दारातून बघून म्हणाली, "खात नाही. टेकला थो. तुमाले चाळीस वर्षांत कोणी टेकलं नाही म्हून तुमाले समजून नाही राहिलं."

पिऊला फोन केला. ती म्हणाली, "टेकतात आबा हे. घरच्याच माणसाला टेकतात."

रात्री झोप बरी लागली. १५०/९०.

२ ऑगस्ट

पंजाबरावच्या कापसाच्या काट्यावर लाडूचं वजन केलं. अठ्ठेचाळीस किलो. पंजाबराव माझा जुना सोबती. दोन एकर कपाशी, एक बैलजोडी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय. म्हणाला, "गेटमन, कुत्रं कापसाच्या भावानं विकलं तरी तुले पेन्शनीपेक्षा जास्त येईन लेका."

येताना शेजारच्या कुंदाताई भेटल्या. त्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई, एकट्याच राहतात. अजून बोलतात ते फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. लाडू त्यांच्याकडे बघून घरघरला. मी म्हणालो, "ताई, तो बोलून राहिला."

"धर्मपालजी, मी तीस वर्षं मुलं ओळखली आहेत. हा बोलत नाहीये. पेपरात आलं होतं या जातीबद्दल. एवढं जनावर ठेवायचं तर विचारून ठेवायचं."

उत्तर मला घरी येऊन सुचलं. तेव्हा त्या आत गेल्या होत्या. १४४/८८.

९ ऑगस्ट

चूक केली. कुंदाताईंच्या बोलण्यामुळे दोन दिवस लाडूला ओट्यावर साखळीनं बांधलं. म्हटलं, लोकांना बरं वाटेल. उलटंच झालं. जो गेटसमोरून जाईल त्याच्यावर उडी मारायला लागला. खाल्लं नाही. साखळीकडे बघायचा आणि थुंकी गिळायचा. आज जाईबाईनं साखळी सोडली आणि नेऊन विहिरीत टाकली. "घ्या आता बांधून," म्हणाली. लाडू घरात आला आणि तिच्या लुगड्याच्या पदरावर जाऊन झोपला. तिला दीड तास उठता आलं नाही. भाजी करपली.

पिऊला साखळीचं सांगितलं नाही. तिला ताप कशाला.

१४ ऑगस्ट

पाऊस थांबला आणि गवत वाढलं. लाडूच्या कानामागं आज तीन गोचीड सापडले. पायाच्या बोटांमध्ये चार. एक तर वाटाण्याएवढा फुगलेला.

सूचना आहे, फोन करा. पण पिऊची परीक्षा आहे. तीस तारखेला संपते. आणि खरं लिहायचं तर मला भीती अशी की ती म्हणेल, आबा, तुमच्यानं होत नाही, मी त्याला दुसरीकडे ठेवते. महिन्याभरापूर्वी हे ऐकलं असतं तर मी पेढे वाटले असते.

फोन केला. "लाडू कसा आहे?" "मजेत आहे." १३८/८४.

१७ ऑगस्ट, रविवार

पंजाबराव आला होता. पोळा पाच दिवसांवर आला, त्याच्या बैलांचे गोचीड त्यानं कालच काढले. म्हणाला, "डॉक्टरकडे काहून जातं? माह्या बापानं जे केलं थे मी करतो. कपाशीच्या फवारणीचं औषध, बादलीभर पाण्यात एक झाकण. फडकं बुडवायचं अन् अंगावर फिरवायचं. दोन तासांत गोचीड खाली."

"कुत्र्याले चालते?"

"बैलाले चालते तर कुत्र्याले काहून नाही? चामडं चामडंच होय."

माझ्या बापानंही गावात हेच केलं होतं, मला आठवतं. फडकं फिरवताना लाडू एकदम शांत उभा राहिला. नंतर त्यानं पाठ, पोट, पाय चाटले. गोचीड खरंच पडले, मी झाडून मोजले, बावीस. मला फार बरं वाटलं. आपल्याच हातानं काम झालं.

१९ ऑगस्ट

लाडूच्या तोंडातून लाळ गळते आहे. शी पातळ. उकाडा आहे, पावसानं दडी मारली की आमच्याकडे असंच होतं. जाईबाईनं ताक दिलं.

संध्याकाळी विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन होतं. लाडू नेहमी बाहेर चपलांजवळ बसतो. आज बसला नाही, आडवा झाला. त्याच्या खांद्याची कातडी फडफडत होती, माशी बसल्यावर बैलाची फडफडते तशी. पण माशी नव्हती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा गोचीड. पाच-सहाच, पण दिसले. पंजाबराव बाटली ओट्यावर ठेवून गेला होता, म्हणाला, या वेळी दोन झाकण टाक, अंडी राहिली असतील. मी दोन टाकली, आणि गोचीड राहून जातील म्हणून भिऊन अर्धं अजून. कानात, बोटांत, सगळीकडे नीट लावलं. उद्या पोळा आहे. सगळ्यांचे बैल सजतील, माझा लाडूही स्वच्छ असायला पाहिजे.

२२ ऑगस्ट, पोळा

कालपासून जरा चक्कर येते आहे, अक्षर वाईट येईल.

सकाळी कुंदाताई पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आल्या. दर पोळ्याला आणतात, या वर्षी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. लाडू दारात आडवा पडला होता. पाय झटकत होता, तोंडाला फेस. त्या घाबरल्या नाहीत, उलट वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, याला काय होतंय?" त्यांनी मानेवर हात ठेवला. लाडू घरघरला नाही. एकदम गप्प झाला, ताठ झाला, आणि तोंड फिरवलं. दात त्यांच्या मनगटाला लागले. दोन ओरखडे, रक्त. ताट खाली. पोळ्या सगळ्या अंगणात.

जाईबाई त्यांना रिक्षानं सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सुई दिली. एकूण पाच घ्याव्या लागणार.

मी लाडूला मागच्या खोलीत कोंडलं. तो दाराला नाक लावून होता. मला त्याचाच राग आला. लोक म्हणत होते ते खरं निघालं. ही जातच अशी. इतके दिवस मी मूर्खासारखा त्याला गुडघ्यावर घेऊन बसलो.

२३ ऑगस्ट

कॉलनीतले सात जण आले. पुढं कुंदाताई, मनगटाला पट्टी. कागद टाइप करून आणला होता. पानभर. मी चष्मा लावून वाचायला लागलो, पण सगळे उभे होते, वाट बघत होते, आणि मी हळू वाचतो. दोन ओळींनंतर लाज वाटायला लागली. सही केली.

मग पंजाबरावनं मोठ्यानं वाचून दाखवला. कुत्रा हिंसक असून मालक स्वखुशीने परतवाड्याच्या पोल्ट्री फार्मवाल्याच्या ताब्यात देत आहे. तो रविवारी, ३१ तारखेला, गाडी घेऊन येणार. तिथं रखवालीला, साखळीवर.

मी मालक नाही. मालक पिऊ आहे. पण हे मी तेव्हा बोललो नाही.

जाईबाई आज माझ्याशी बोलली नाही. भाकर मात्र वाढली.

२४ ऑगस्ट, रविवार

लाडू उठत नाही. मागचे पाय पसरतात, काचेवर उभा असल्यासारखे. पाणी पितो ते बाहेर येतं. इथल्या जनावरांच्या दवाखान्यातला माणूस दारातूनच म्हणाला, तोंड बांधून आणा. तोंड बांधलं तर तो श्वास कसा घेणार, आधीच धापा टाकतो आहे.

पिऊचा फोन. "मजेत आहे." तिनं विचारलं, "आवाज असा काय आबा? बीपी मोजलं का?" नाही मोजलं.

जाईबाई शेवटी बोलली. "कोंबड्यावाल्याले द्याचा तर मेलेला देता का? अकोल्याले न्या त्याले. जनावरांचा मोठा दवाखाना हाय तिथं. नाही तर मी नेतो खांद्यावर घालून."

२५ ऑगस्ट, सोमवार

हे सविस्तर लिहितो. सगळं लिहायचंच आहे.

पंजाबरावनं ओळखीचा छोटा हत्ती टेम्पो आणला. मागं गोधडी टाकली, लाडूला चौघांनी उचलून ठेवलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. मूर्तिजापूरपर्यंत माझं धोतर लाळेनं भिजून गेलं.

डॉक्टर तरुण मुलगी आहे. प्रतीक्षा नाव. तिनं तोंड बांधा म्हटलं नाही. ती जमिनीवर बसली, त्याच्याकडे तोंड न करता, बाजूला बघत, आणि हात पुढं ठेवला. लाडूनं हुंगला. "याचं नाव?" "लाडू." ती हसली नाही. "चल लाडू, दाखव मला."

डोळ्यांत टॉर्च मारून म्हणाली, "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात." छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "अंगाला काही लावलं का आजोबा? पावडर, औषध, रॉकेल?"

मी तोंड उघडायच्या आत पंजाबराव बोलला, "काईच नाही जी. गोचीड ताप होय हा, मी सांगतो तुमाले."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही."

हे एवढं लिहायला पेन तीनदा खाली ठेवला.

मला तोपर्यंत नक्की माहीत नव्हतं. पण तिनं विचारलं त्या क्षणी माहीत झालं, आणि तरी मी नाही म्हणालो. तिनं रक्त घ्यायला सांगितलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. पंजाबराव तंबाखू मळत म्हणाला, "बोलू नको कोठी. आपल्यावर केस करतीन. कुत्रं असंही जाऊनच राहिलं."

मी तिथं बसून फाटकाचा विचार करत होतो. तीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, माझं फाटक उघडं राहिलं. दुपारची डुलकी. एक बैलगाडी रूळ ओलांडून गेली आणि तिच्यामागं दोन मिनिटांत मालगाडी आली. काही झालं नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, फाटक बंद, आणि वेळ टाकली. खाली सही. जाईबाईलासुद्धा माहीत नाही. पण त्या दोन मिनिटांत काय झालं असतं, हे मला आजवर दर आठवड्याला एकदा दिसतं.

इथं तर गाडी येऊन धडकली होती.

मी उठून आत गेलो. म्हणालो, "मॅडम, मी खोटं बोललो."

ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "काय? किती? कधी?" मी सांगितलं, कपाशीवर मारायचं औषध, अडीच झाकण, गुरुवारी, आणि त्याच्या आधी रविवारी एक. तो सगळं अंग चाटतो, हेही सांगितलं.

"बाटलीचं नाव?"

नाव मला माहीत नव्हतं. पंजाबराव म्हणाला, दुकानदारानं दिलं, मी घेतलं. मी घरी फोन लावला. जाईबाईला बाटली सापडली, पण तिला वाचता येत नाही. म्हणाली, "थांबा, कुंदाताईले देतो." मी नको नको म्हणेपर्यंत ती भिंतीपाशी पोचली होती.

कुंदाताईंचा आवाज आला. शुद्धलेखन घालावं तसा. "लाल त्रिकोण आहे. कवटीचं चित्र. विष असं लिहिलंय." मग विचारलं, "धर्मपालजी, हे कुत्र्याच्या अंगाला?"

"हो."

"शुक्रवारच्या आधी?"

"गुरुवारी."

मग त्या म्हणाल्या, "औषधाचं आणि उताऱ्याचं नाव इंग्रजीत आहे. डॉक्टरांना फोन द्या. अक्षर अक्षर सांगते."

त्यानंतर सगळं भराभर झालं. लाडूला साबणानं तीनदा धुतलं, हातात रबरी मोजे घालून. मी म्हणालो, मी धुतो. डॉक्टर म्हणाली, "तुम्ही बाजूला बसा, तुमच्याही हाताला लागलंय ते. चार दिवस चक्कर येत होती का?" येत होती. मला वाटलं काळजीमुळे. सुई दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा दिली. सलाइन लावलं. दोन तासांनी लाळ थांबली.

पंजाबराव म्हणाला, "बैलाले तर आमी लावतोच ना जी. एक बैल मेला नाही."

"काका, बैल चारशे किलोचा. हा किती? आणि बैल अंग असं चाटून साफ करत नाही. बैलालाही लावायचं नसतंच, पण तो तुम्हाला सांगायला येत नाही."

मी विचारलं, "मॅडम, तो चावला, ते?"

"नसा आखडत होत्या, दिसत नीट नव्हतं, आणि कोणी वरून मानेला हात लावला. कोणताही कुत्रा चावला असता. याच्या आकाराच्या कुत्र्यानं मनातून चावलं असतं तर मनगट राहिलं नसतं."

लाडूला तिथंच ठेवून घेतलं.

२६ ऑगस्ट

सकाळी उठून वंदना म्हणायला बसलो. पहिल्या शीलापाशी अडलो. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे मी लहानपणापासून रोज म्हणतो. आज तोंडातून निघालं नाही. दुसऱ्यापासून सुरुवात केली. मग चौथं आलं, खोटं बोलणार नाही. तिथंही थांबलो. उठलो, पॅसेंजरनं अकोल्याला गेलो. रेल्वेचा पास आहे, तेवढं बरं. लाडू झोपलेला होता. बघून आलो.

२७ ऑगस्ट

कुंदाताई आल्या. हातात तो टाइप केलेला कागद. मी उठून उभा राहिलो, शाळेत राहायचो तसा.

"दोन सुया झाल्या, तीन राहिल्यात," म्हणाल्या. "त्या मी घेईन. त्यांचं मला माफ करायला सांगू नका, ते माझ्यानं होणार नाही. पण या कागदावर हिंसक कुत्रा असं लिहिलंय. ते खोटं आहे. खोट्या कागदावर माझी सही नको." पर्समधून लाल पेन काढला आणि स्वतःची सही खोडली. "बाकीच्या सहा तुमच्या तुम्ही बघा. आणि तुमची सातवी."

जाईबाई म्हणाली, "बसा ताई, चहा ठेवतो."

"नको." मग बसल्या. पाऊण तास बसल्या. जाताना विचारलं, "अकोल्याला पुन्हा कधी जाताय? तो काय खातो तिथं?"

कुत्र्याला भेणाऱ्या बाईला एवढी चौकशी कशाला, मला समजलं नाही.

२८ ऑगस्ट

पंजाबराव बोलायला तयार नाही. चावडीवर म्हणाला, गेटमननं मले डॉक्टरसमोर उघडं पाडलं. पोल्ट्रीवाल्याचा मात्र त्यानं मला निरोप दिला. कुत्रा वाचला असेल तर तो ३१ ऐवजी गुरुवारी, ४ तारखेला घ्यायला येणार. त्याच दिवशी डॉक्टर लाडूला सोडणार आहे. बाकी सहा घरं अजून ठाम आहेत. एकानं तोंडावर विचारलं, "आज औषधानं चावला, उद्या कशानं चावन?"

३० ऑगस्ट

लाडू आज स्वतः उभा राहिला. मागचे पाय अजून हलतात, डॉक्टर म्हणते महिना-दोन महिने लागतील, रोज हळूहळू चालवावं लागेल, जिना नाही, फरशीवर चटई टाकावी लागेल. पूर्वीसारखा होईल का, विचारलं. "बहुतेक," म्हणाली.

त्यानं मला ओळखलं. आखूड शेपूट हलवलं. जाईबाईनं दिलेला भात आणि कोंबडीचं पाणी खाल्लं. कुंदाताईंनी अंडी उकडून दिली होती, तीही. तोंडाला भात लागला होता. मी खिशातून फडकं काढलं, नळावर ओलं केलं आणि पुसायला गेलो.

तो मागं सरकला. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. भिंतीला लागेपर्यंत मागं सरकला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. पाय घसरत होते तरी.

मी फडकं खाली टाकलं. तो तरी आला नाही. मग डॉक्टर आली आणि तो तिच्या पायाला टेकला.

येताना गाडीत खिडकीपाशी जागा होती. बसलो नाही. अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत उभा राहून आलो.

१ सप्टेंबर, सोमवार

पिऊ,

ही वही आज स्पीड पोस्टानं तुला पाठवतो. तू म्हणाली होतीस वाचणार नाही, पण वाच. फोनवर मला हे सांगता येत नाही. चार वेळा लावला. तू उचललास की तोंडातून "मजेत आहे" एवढंच निघतं, आणि मग तू तुझ्या परीक्षेचं सांगायला लागतेस. परीक्षा आता संपली आहे, म्हणून लिहितो.

तुझ्या सूचना मी वाचल्या होत्या. गोचिडाची सूचनासुद्धा वाचली होती. समजली नाही असं झालं नाही. तुला विचारायला भ्यालो म्हणून बापाचं जुनं ज्ञान काढलं, आणि दुसऱ्यांदा तर अंगाला जास्त लागावं म्हणून दाबून लावलं. तो शांत उभा राहिला, पिऊ. मी जे करतो ते त्याच्या चांगल्यासाठी, असं त्याला वाटलं असणार.

कागदावर सही माझी आहे. ती मी खोडायला गेलो तर आजी म्हणाली, आधी पोरीले विचारा, कुत्रं तिचं होय. बरोबर बोलली. मालक म्हणून सही करायचा मला हक्क नव्हता, आता खोडायचाही नाही.

तीन रस्ते आहेत. परतवाड्याचा माणूस गुरुवारी येईल. तिथं साखळी आहे, म्हणजे तो रस्ता मी तुला सांगणारही नव्हतो, पण लपवायचं नाही असं ठरवलं आहे. दुसरा, तुझ्या ओळखीत कोणी नीट माणूस असेल, ज्याला या जातीचं कळतं. डॉक्टर प्रतीक्षा म्हणाली, तशी दोन-तीन घरं तिच्या माहितीत आहेत. तिसरा, तो इथंच परत येईल. चटया मी आणल्या आहेत. अंगण गवत काढून साफ केलं आहे. बाटली कुंदाताईंनी कुठं नेऊन दिली ते मला माहीत नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेजारपाजारची सहा घरं अजून बोलतील, ती मी ऐकून घेईन. पण त्यानं माझा हात बघून मागं सरकायचं आणि मी रोज त्याला वाढायचं, हे त्याच्यासाठी बरं की वाईट, हे मला कळत नाही. माझ्यासाठी काय बरं ते मला कळतं. मला तो घरात हवा आहे. हे त्याच्या उपयोगाचं नाही, तरी लिहिलं.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला जाणार आहे, पट्टा घेऊन. त्याला घेऊन बडनेऱ्याला उतरायचं, की दवाखान्याच्या दारातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, एवढंच मला सांग. मला शिव्या द्यायच्या तर त्या मागाहून दे, सवडीनं. त्याचं आधी सांग. फोन आजीच्या हातात राहील, मी मध्ये बोलणार नाही.

बुधवारी रात्रीच्या आत कळव, बाई. गुरुवारी दवाखाना दहाला उघडतो आणि लाडू दार उघडलं की दाराकडे बघतो. तिथं मी काय म्हणून उभा राहू, ते कळव.